मेलेल्या सॉकेटचा टायमर

१

जुम्म्याची नमाज आटोपून माणसं हॅचरीत परतली, तेव्हा चौथ्या टाकीत रातू उताणी तरंगत होती.

रातू म्हणजे केरापू माशाची मादी, दोन माणसांनी मिळून उचलावी एवढी थोराड. सितुबोंदोच्या किनाऱ्यावरच्या त्या हॅचरीचं सगळं बस्तान तिच्या अंड्यांवर बसलं होतं. टाकीत हवा सोडणारा पंप थांबलेला, पाण्यावर एक बुडबुडा नाही, आणि वर भर दुपारचं ऊन. पंप बिघडला की भोंगा वाजायला हवा. तो वाजला नव्हता. भिंतीवरच्या नियंत्रण पेटीच्या पडद्यावर निवांत लिहिलेलं होतं : ‘टाकी चार, रीतसर बंद.’

“रीतसर म्हणजे कुणीतरी टाकीपाशी उभं राहून बंदचं बटण दाबलं,” गाडी चालवता चालवता लुकितो म्हणाला. “आणि त्या वेळी हॅचरीत एकच माणूस होता, सहरावी. माशांना खाणं घालणारा. नमाजेला सगळ्यांत शेवटी पोचला. आठवडाभरापूर्वी मालकिणीनं त्याला चारचौघांत झापलं, तेव्हा म्हणाला होता, एक दिवस तुमचे मासे तुम्हालाच सांभाळायला लागतील. आता बोल!”

शेजारच्या सीटवर वुर्यानीनं जांभई दिली. शनिवारची सकाळ, आंब्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून शाळेच्या मुलांचे पेपर तपासायचे होते, आणि हा माणूस प्रोबोलिंगोला तिच्या दारात गाडी घेऊन उभा राहिला होता. ती पेटी लुकितोच्या सुराबायाच्या कंपनीची. पेटीच्या आतला, टाक्यांशी बोलणारा कोड एके काळी वुर्यानीनं लिहिला होता. मग रोजच्या कटकटीला विटून तिनं नोकरी सोडली आणि शाळेत शिकवायला लागली. हे लुकितोला माहीत होतं. तरीही तो आला होता.

“तुला फक्त एवढंच म्हणायचंय वुरी, की पेटी ठणठणीत आहे. तुझ्या शब्दाला वजन आहे. पोलीस तुला विचारतील, तू मान हलवायची. संध्याकाळी घरी.”

“मान हलवायला मला कशाला आणलंत? एखादा बैल आणायचा.”

“चिडू नकोस ना. अगं, पेटी आता तुझ्या वेळेपेक्षा चांगली चालते. भरत नाही, अडकत नाही. टायमरनं सॉकेट धरून बसायचं, तो सगळा जुना पसाराच गेला. पिसासारखी हलकी...”

समोरून एक बस दुसऱ्या बसला मागे टाकत थेट त्यांच्या अंगावर आली. लुकितोनं करकचून ब्रेक दाबला आणि पुढची दहा मिनिटं तो बसवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला. वुर्यानीनं डोळे मिटून घेतले.

२

हॅचरीची मालकीण बू मुर्तिनाह दारातच उभी होती. (तिकडं बाईला मानानं ‘बू’ म्हणतात, पुरुषाला ‘पाक’.) आवाज असा, की समुद्रावरच्या होडीतल्या माणसानं वळून बघावं.

“तुम्हीच का त्या पेटीवाल्या? या. तुमच्या पेटीनं मला सांगितलं, त्यानं मारलं. आता तुम्ही काय वेगळं सांगणार?”

“अजून मी चपला पण काढल्या नाहीत, बू.”

“मी शेजारच्या गावात लग्नाला गेले होते. हातातला भाताचा घास तसाच टाकून आले. माझी रातू! लेकरासारखी वाढवली हो. सोमवारी चौकीत बोलावलंय त्याला.”

वुर्यानीनं चौथी टाकी पाहिली. टाकीच्या कडेला पंप चालवणारं एक छोटं यंत्र होतं, पेटीशी तारेनं जोडलेलं. ती बघत होती तेवढ्यात त्याचा हिरवा दिवा विझला आणि पुन्हा लागला.

“हे काय?”

“ते रोजचंच,” मुर्तिनाहनं हात झटकला. “खाऱ्या हवेनं प्लग खाल्लाय. जातं नि येतं आपलं आपण. तेवढ्यानं पंप थांबत नाही. तुमच्या ऑफिसात सांगून सांगून तोंड दुखलं. ते म्हणतात, बंद करून चालू करा.”

लुकितो दूर जाऊन फोनवर बोलायला लागला.

सहरावी घरी होता, हॅचरीमागच्या वस्तीत. चाळिशीचा, हाडकुळा. ओसरीवर बसून तो मासेमारीचं जाळं विणत होता. विणत होता म्हणजे विणलेलं उसवत होता आणि पुन्हा विणत होता.

“बटण दाबलं का?” वुर्यानीनं सरळ विचारलं.

“दाबलं.”

लुकितोचा चेहरा खुलला. “बघ!”

“नवव्या टाकीचं दाबलं,” सहरावी म्हणाला. “पिल्लांची टाकी. पिल्लं दुसरीकडं काढली होती, टाकी धुवायची होती. किती वेळा सांगू? पोलिसाला सांगितलं, मालकिणीला सांगितलं, बायकोला सांगितलं. बायको पण म्हणते, नीट आठव.”

“नववीचं दाबलंत. मग?”

“मग काय, ते मेलं लगेच कुठं बंद होतं. दाबलं तरी पंप थोडा वेळ चालूच राहतो. आम्ही सगळे दोनतीनदा दाबतो, तसं दाबलं. नमाजेला उशीर होत होता. कंटाळून त्या यंत्राचा प्लगच उपटला, पाणी सोडलं नि पळालो.”

“जाताना चौथ्या टाकीवरून गेलात?”

“तीच तर वाट आहे. रातू वर आली होती. मला बघून येते ती.” तो थांबला. “यायची.”

“पंप चालू होता?”

“पाणी उकळल्यासारखं बुडबुडत होतं. अल्लाची शपथ. पण तुमच्या पेटीपुढं अल्लाची शपथ चालत नाही म्हणतात.”

वुर्यानी हॅचरीत परतली आणि पेटीपुढे बसून शुक्रवारच्या नोंदी वाचू लागली. नववी टाकी : बंद करायला सुरुवात. मग नवव्या टाकीचं यंत्र गेलं. मग चौथ्या टाकीचं यंत्र जाऊन परत आलं, त्या खराब प्लगची रोजची मस्ती. मग चौथी टाकी, रीतसर बंद.

तिनं पुन्हा पाहिलं. मग चष्मा पुसून आणखी एकदा पाहिलं.

चौथी टाकी बंद झाल्याचं होतं. बंद करायला सुरुवात केल्याचं कुठंच नव्हतं. बटण दाबलं असतं तर आधी सुरुवात दिसायला हवी होती. इथे लग्नाशिवाय काडीमोड झाला होता.

३

कंपनीचे दोन प्रोग्रॅमर आदल्या दिवशीच येऊन पोचले होते. हॅचरीच्या पाहुण्यांच्या खोलीत बसून ते दोघं एकमेकांकडे न बघता काम करत होते. बिंतोरो दांडगा, बडबड्या, टी-शर्टवर कॉफीचा डाग. गालुह त्याच्याहून लहान, दर वाक्याआधी विचार करणारी. वुर्यानीनं दोघांना वेगवेगळं बोलावलं. लुकितोला तिनं तळलेली केळी आणायला पिटाळलं.

“बू वुरी, माझ्यावर येणार हे मला माहीत होतं,” बिंतोरो बसायच्या आतच म्हणाला. “काहीही झालं की बिंतोरो. वीज गेली, बिंतोरो. मासा मेला, बिंतोरो.”

“टायमरच्या कोडला तू हात लावलायस?”

“एकदाच. लोक बटण पुन्हा पुन्हा दाबायचे, तर दर दाबण्याला टायमर नव्यानं लावायचा, म्हणजे वेळ पुढं सरकेल, एवढंच लिहिलं. तुमच्याच ओळी तिथं पुन्हा चिकटवल्या. सॉकेट धर, टायमर लाव.”

“टायमर आधीच लावलेला असला तरी पुन्हा धर?”

बिंतोरोनं डोकं खाजवलं. “...हो. का?”

वुर्यानीनं कपाळाला हात लावला. “आणि त्यानंतर पेटी भरायला लागली.”

“भरायची खरी. मेमरी संपायची नि सगळं गोठायचं. मग मी आठवड्यातून एकदा पेटी आपोआप बंद-चालू करायची सोय केली. पण पुढं गालुहनं तो दोष काढला, मग ती सोय पण काढून टाकली.”

“गालुहनं काढला?”

“बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधी काढला असणार. ती रजेवर गेली नि पेटी भरायची थांबली. मी विचारलं नाही. ती सांगते तेव्हा तासभर सांगते.”

गालुहनं कॉफीचा पेला दोन्ही हातांनी धरला होता.

“पेटी का भरते हे मी शोधत होते, बू. सापडलं नव्हतं. तेवढ्यात रजा सुरू झाली. परत आले तर पेटी भरतच नव्हती. बिंतोरोनं काढला ना दोष.”

“त्यानं सांगितलं तसं?”

“नाही. पण दुसरं कोण आहे?” तिनं जरा थांबून पुढं म्हटलं, “कसा काढला ते मी बघायला हवं होतं. पण मूल लहान होतं, झोप नव्हती, आणि जे चालतंय त्याला हात लावू नका, असं पाक लुकितोंनी बजावलं होतं.”

“कोड कुणी कधी बदलला ते तर दिसेल?”

“नाही दिसणार. आम्ही सगळे एकाच नावानं कोड चढवतो. वेगवेगळी खाती म्हणजे वेगवेगळी डोकेदुखी, असं ते म्हणतात.”

वुर्यानीला आपण नोकरी का सोडली होती ते लख्ख आठवलं. तिनं गालुहचा लॅपटॉप ओढून घेतला आणि कोड उघडला. स्वतः लिहिलेल्या ओळी तिला घरच्या भांड्यांसारख्या ओळखू येत होत्या. एक भांडं जागेवर नव्हतं.

लुकितो केळी घेऊन आला. “झालं का? सहरावीनं नववीच्या घाईत चौथीचं पण दाबलं, असं लिहून टाकू. बिचाऱ्यावर जास्त येणार नाही. चूक म्हणू.”

“पाक लुकितो, तुम्ही शेवटचा कोड कधी लिहिलात?”

“मी?” तो हसला. “कित्येक वर्षांत हात लावला नाही गं. मी आता फक्त शिव्या खातो.”

वुर्यानीनं एक केळं उचललं. “उद्या सकाळी सगळ्यांना टाक्यांपाशी बोलवा. सहरावीला पण.”

“कशाला?”

“रातू मेली तेव्हा बंद पडला, तसाच चौथीचा पंप पुन्हा बंद पाडून दाखवते. तिच्या बटणाला कुणीही हात न लावता.”

४

रविवारी सकाळी टाक्यांपाशी वस्तीतली निम्मी माणसं जमली. सहरावी सगळ्यांच्या मागे उभा होता. त्याच्या आजूबाजूला बरीच जागा मोकळी राहिली होती. रातू गेल्यावर चौथ्या टाकीत नुसतं पाणी होतं आणि पंप त्यात रिकामाच घुसळत होता.

“बिंतोरो, तू नवव्या टाकीपाशी. गालुह, तू चौथीच्या तारेपाशी. बू मुर्तिनाह, तुम्ही चौथ्या टाकीचं बटण हातानं झाकून उभ्या राहा. कुणाला दाबू देऊ नका. मला पण.”

“कुणाची टाप आहे!” मुर्तिनाहनं बटणावर पंजा ठेवला.

“नववीचं बटण दाब.”

बिंतोरोनं दाबलं. नववीचा पंप चालूच राहिला.

“आता तिचा प्लग उपट. गालुह, चौथीची तार काढून लगेच परत लाव, तो खराब प्लग करतो तसं.”

दिवा विझला, लागला. चौथीचा पंप जोरात घुसळत होता. लोक वाट बघत राहिले. कुणीतरी खोकलं. एक बाई म्हणाली, “होईल तेव्हा होईल, मी भात चुलीवर ठेवून आलेय.” लुकितो घड्याळाकडे बघून म्हणाला, “वुरी, पुरे झालं आता—”

चौथ्या टाकीचा पंप थांबला.

पाण्यावरचे बुडबुडे विरत गेले. भोंगा वाजला नाही. पडद्यावर अक्षरं उमटली : ‘टाकी चार, रीतसर बंद.’

मुर्तिनाहनं आपल्या पंजाखालच्या बटणाकडे पाहिलं, मग पंजाकडे. “मी नाही दाबलं,” ती म्हणाली. आवाज पहिल्यांदाच अडखळला. “अल्लाची शपथ, मी नाही दाबलं!”

“माहितेय,” वुर्यानी म्हणाली. “त्यानंही नव्हतं दाबलं.”

मागे कुणीतरी सहरावीच्या जवळ सरकलं.

“आता हे माणसांच्या भाषेत सांगा,” मुर्तिनाह म्हणाली, “नाहीतर मी पेटीच समुद्रात टाकते.”

“सांगते. प्रत्येक टाकीशी बोलायला ही पेटी आपल्या मेमरीत एक जागा राखून ठेवते. तिला आम्ही सॉकेट म्हणतो. टाकी बंद करायचं बटण दाबलं की पेटी लगेच बंद करत नाही. यंत्राचं काही शेवटचं सांगायचं राहिलं असेल म्हणून थोडा वेळ थांबते. त्यासाठी टायमर लावते. टायमर वाजला की तो सॉकेटपाशी जातो नि तिथल्या टाकीचा पंप रीतसर बंद करतो. आणि रीतसर बंद झालेली टाकी पेटी आपणहून चालू करत नाही, कारण आत धुवायला माणूस उतरलेला असू शकतो.”

“हे कळलं.”

“सहरावीनं नववीचं बटण दाबलं. टायमर लागला. तो वाजायच्या आत त्यानं प्लग उपटला. यंत्र गेलं म्हणून पेटीनं नववीचं सॉकेट मोडीत काढलं नि ती जागा मोकळी केली. पण टायमर काढायचा राहिला. तेवढ्यात तुमच्या खराब प्लगमुळं चौथी टाकी क्षणभर गेली नि परत आली. तिला जागा हवी होती. पेटीनं नुकतीच मोकळी झालेली तीच जागा दिली. मग नववीचा टायमर वाजला. तो जुन्या पत्त्यावर गेला, आणि तिथं जो बसला होता त्याचा गळा दाबला.”

“मेलेल्या टाकीच्या टायमरनं माझी जिवंत टाकी मारली?”

“तेच झालं.”

“हा तुमचा कोड?” मुर्तिनाहनं बोट रोखलं.

“माझ्या कोडमध्ये एक नियम होता. टायमर लावताना सॉकेट धरायचं. टायमर वाजला किंवा काढला, की सोडायचं. जोपर्यंत कुणीतरी धरून आहे, तोवर जागा मोकळी करायची नाही. यंत्र गेलं तरी सॉकेट टायमरसाठी थांबायचं. टायमर वाजायचा, बघायचा की आता काही उरलं नाही, आणि सोडून द्यायचा. काही बिघडायचं नाही.” ती बिंतोरोकडे वळली. “यानं एक चूक केली. लोक बटण तीनदा दाबायचे, तर यानं तीनदा धरलं. टायमर मात्र एकच, तो सोडणार एकदाच. म्हणून सॉकेटं कधी सुटेनात, नि पेटी भरायला लागली.”

बिंतोरोचा चेहरा पडला. “म्हणजे मीच—”

“तू पेटी गोठवलीस. मासा नाही मारलास. पेटी भरते म्हणून नंतर कुणीतरी शॉर्टकट घेतला. जास्तीचं धरणं काढायचं, तर त्यानं सगळं धरणंच काढून टाकलं. टायमर मोकाट सुटला. पेटी भरायची थांबली. सगळे खूश.”

“गालुह!” बिंतोरो म्हणाला.

“बिंतोरो!” त्याच क्षणी गालुह म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, दोन दिवसांत पहिल्यांदा.

“ही रजेवर होती, तिला वाटलं यानं दुरुस्त केलं. याला वाटलं, जाण्याआधी हिनं केलं,” वुर्यानी म्हणाली. “पेटी का भरायची थांबली, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मलाही काल संध्याकाळी कोड उघडेपर्यंत ठाऊक नव्हतं. एका माणसाला मात्र काल सकाळीच ठाऊक होतं. गाडीत तो मला म्हणाला, टायमरनं सॉकेट धरून बसायचा पसाराच गेला. पेटी भरत नाही, हे कुणालाही दिसतं, पाक लुकितो. धरणं गेलं म्हणून भरत नाही, हे ज्यानं काढलं त्यालाच माहीत.”

लुकितोनं रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमाल घडी करून खिशात ठेवला.

“गिऱ्हाइकं रोज फोन करत होती,” तो शेवटी म्हणाला. “गालुह नव्हती. हा नुसता बंद-चालू, बंद-चालू. मी दोन ओळी काढल्या. एका दुपारी. चाललं ना! इतके महिने चाललं.”

“आणि रातू गेल्यावर?”

“शंका आली.” त्याला तिच्याकडे बघवेना. “म्हणून तर तुला आणलं.”

“नाही. शंका आली म्हणून मला आणलं असतंत, तर मान हलव म्हणाला नसतात.”

५

दुपारभर भांडण झालं. मुर्तिनाहनं लुकितोला तीन भाषांत ऐकवलं : मदुरी, जावी आणि वर सरकारी इंडोनेशियन, म्हणजे काही सुटायला नको. लुकितोचं म्हणणं, अहवालात ‘तांत्रिक दोष’ एवढंच लिहावं. नाव कशाला?

“सहरावीचं नाव लिहायला निघालात, तेव्हा ‘नाव कशाला’ म्हणाला नाहीत,” वुर्यानी म्हणाली. “आणि ही पेटी आणखी किती ठिकाणी बसवलीये?”

लुकितो बोटांवर मोजायला लागला.

“तर आता फोन लावा. एकेकाला. टाकी धुताना कुणी प्लग उपटायचा नाही, म्हणावं, नवा कोड येईपर्यंत. आणि का, ते पण सांगा. मी इथंच बसलेय.”

तो फोन लावत राहिला. पलीकडून येणारा आरडाओरडा खोलीभर ऐकू येत होता. दर फोननंतर तो आशेनं वुर्यानीकडे बघायचा आणि ती हातानंच खूण करायची : पुढचा.

दुसऱ्या टेबलावर गालुह आणि बिंतोरो एका लॅपटॉपवर डोकी घालून बसले होते. काढलेल्या ओळी परत आल्या. टायमर आधीच लावलेला असेल, तर नुसती वेळ पुढे ढकलायची, पुन्हा धरायचं नाही. यंत्र मध्येच गेलं, तर टायमर काढायचा नि त्याचं धरणं सोडायचं. नेमका काढतानाच वाजत असेल, तर सोडायचं काम त्याचं त्याच्यावर. बिंतोरो लिहायचा, गालुह म्हणायची, “थांब, हे दोनदा सुटलं तर?” तो चिडायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. वुर्यानी ऐकत होती. मध्ये बोलायची गरज पडली नाही.

सोमवारी चौकीत मुर्तिनाहनं तक्रार मागे घेतली. हवालदार वैतागला, कारण त्यानं सगळं एकदा लिहून काढलं होतं. बाहेर आल्यावर ती सहरावीला म्हणाली, “झालं. चल आता कामावर.”

सहरावी जागचा हलला नाही. “तुम्ही मला खुनी कुठल्या ठिकाणी म्हणालात, बू?”

“आता ते कशाला उकरायचं?”

“मशिदीसमोर म्हणालात. कॉफीवाल्यापाशी. सगळे होते.”

मुर्तिनाहनं वुर्यानीकडे पाहिलं. वुर्यानीनं मान हलवली नाही.

“अरे देवा, काय माणूस आहे,” मुर्तिनाह पुटपुटली आणि तरातरा चालायला लागली. कॉफीवाल्यापाशी नेहमीची माणसं बसली होती. ती मधोमध उभी राहिली, कंबरेवर हात ठेवले आणि होडीतल्या माणसांनाही ऐकू जावं अशा आवाजात ओरडली, “ऐका रे! सहरावीनं माझी रातू मारली नाही! पेटीनं मारली! मी मूर्खासारखी पेटीचं ऐकलं नि याचं ऐकलं नाही! झालं? कळलं सगळ्यांना? का परत सांगू?”

कुणीतरी म्हणालं, “कळलं, बू, कळलं.” एकानं बाकावर सरकून सहरावीला जागा दिली. कॉफीवाल्यानं न विचारता त्याच्यापुढे पेला ठेवला.

मुर्तिनाह घाम पुसत त्याच्याकडे वळली. “आता तरी येतोस? पिल्लांना सकाळपासून कुणी खाणं घातलं नाहीये.”

“घालतो. पिल्लांचा काय दोष.” सहरावीनं पेला उचलला. “पण उद्या येणार नाही.”

“का? आता आणखी काय?”

“झोपणार आहे. शुक्रवारपासून डोळ्याला डोळा नाही.”

मुर्तिनाह एक पाऊल पुढं आली. त्याच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे तिनं बहुधा त्या चार दिवसांत पहिल्यांदाच पाहिलं.

“परवा पण नको येऊस,” ती हळू म्हणाली. तिला इतकं हळू बोलता येतं, हे वुर्यानीला तोवर माहीत नव्हतं. “मी घालते खाणं.”